तांबडीं पानें

कुंडलास पावसाळा सरतां सरतां हिरव्या रंगाची वाण नसते. अशाच एका दिवशीं आम्हीं चित्रकलेच्या तासाला मुलांस शाळेच्या खिडकींतून दिसणारा लिंब काढावयास सांगितलें. एका मुलाचा कागद पाहून आम्ही थबकलों. खोडाचा खडबडीतपणा, डहाळीचा बांक, पानांचे करवती कांठ, सर्व हुबेहूब होतें. मात्र पानें तांबडीं होतीं. आम्हीं तो कागद वर्गापुढें उंच धरला आणि विचारलें, "काय रे, हा लिंब कोणत्या देशचा?" वर्ग पोट धरधरून हंसला. तो मुलगाहि हंसला. चैत्रांत लिंबाची कोवळी पालवी तांबूसच असते, हें आम्हांस त्या वेळीं आठवलें नाहीं. पुढें दोन महिने त्या मुलाची रंगपेटी घरीं विसरूं लागली.

मग डोळ्यांच्या तपासणींत डॉक्टरांनीं सांगितलें कीं, या मुलास तांबडा व हिरवा हा भेद नीट दिसत नाहीं. ज्या आठवड्यांत आम्हीं तो विनोद केला, त्याच आठवड्यांत प्रार्थनेच्या वेळीं कुसळ व मुसळ यांविषयींचा शास्त्रभाग आम्हींच वाचून दाखविला होता!

आणि आम्ही राहतों कोठें? शेजारीं किर्लोस्करवाडी आहे. ती वसविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत चित्रकार होण्यासाठींच गेले होते. आपल्या डोळ्यांस कांहीं रंग ओळखतां येत नाहींत, असें ध्यानांत आल्यावर त्यांनीं कुंचला ठेविला व यंत्रांच्या आकृति काढण्याची विद्या धरिली. पुढें बेळगांवीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला, आणि १९१० सालीं औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि, जे स्वतः चित्रकार होते, यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ त्यांस कारखान्यासाठीं दिला.

तो नांगर प्रथम निघाला, तेव्हां शेतकरी म्हणत कीं लोखंडानें जमीन विषारी होते. सुमारें दोन वर्षें नांगर खपेना. वास्तविक लांकडी नांगराचा फाळहि लोखंडाचाच! ही गोष्ट आम्ही दरसाल वर्गांत सांगतों. मुलें हंसतात, आम्हीहि हंसतों. आतां मात्र आम्हांस त्या शेतकऱ्यांचा कैवार घ्यावासा वाटतो. एक हंगाम बुडाला तर घरांत दाणा उरणार नाहीं, ही भीति त्यांच्या वेडगळ समजुतीच्या मागें होती. आम्हांस कसली भीति होती? वर्ग हंसवावा, एवढीच हौस.

आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. रंगाच्या वड्यांखालीं बारीक अक्षरांत नांवें लिहून दिलीं. "हो सर," एवढेंच तो म्हणाला. पेटी कांहीं उघडली नाहीं. हल्लीं तो केवळ पेन्सिलीनें चित्रें काढतो. गेल्या महिन्यांत त्यानें शाळेच्या आवारांतील हातपंप काढला. दांडा, सांधे, एकेक बोल्ट जागच्या जागीं. आम्ही म्हणालों, "हें चित्र भिंतीवर लावूं या."

त्यानें कागदाचा कोपरा हातांतून सोडला नाहीं.

"सर," तो म्हणाला, "वर्गाला दाखवणार का?"