तिला काय माहीत आहे?

दैनंदिन मालिकेतल्या नटीला लोक दोनच गोष्टी हटकून विचारतात. एवढी पानं पाठ कशी होतात, आणि म्हटल्याबरोबर रडू कसं येतं. या दोन्ही गोष्टी काही महिन्यांत अंगवळणी पडतात. ज्याने मला इतकी वर्षं या कामात गुंतवून ठेवलं, त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही. जिच्या गोष्टीचा शेवट अजून कुणालाच ठाऊक नाही, अशी एक बाई वर्षानुवर्षं सांभाळायची असते, ते खरं काम.

मी एकांकिका स्पर्धा आणि प्रायोगिक नाटकांतून आले. नाटकात संहिता हातात असते. शेवटच्या प्रवेशात ही बाई घर सोडणार हे माहीत असतं, म्हणून पहिल्याच प्रवेशात तिची नजर दाराकडे जरा जास्त वेळ रेंगाळू देता येते. मालिकेत ती सोय नाही. सकाळी मेकअपला बसल्यावर मोबाइलवर सीन येतात, कधी तेवढेही नाही, आणि पुढच्या महिन्यात तिचं काय होणार हे वाहिनीच्या बैठकीत ठरायचं असतं.

मालिकेची श्रेयनामावली एकदा सावकाश वाचून बघा. कथा एकाची, कथाविस्तार दुसऱ्याचा, पटकथा तिसऱ्याची, संवाद चौथ्याचे. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ट्रॅक वळतो. मालिका दोन-तीन वर्षं चालली की यातली बहुतेक माणसं बदललेली असतात. संवादलेखक दुसऱ्या मालिकेवर जातो, दिग्दर्शक जातो, वाहिनीवर आपली मालिका बघणारी व्यक्तीही बदलते. पहिल्या दिवसापासून टिकून राहते ती नटी. त्या बाईवर काय काय गुजरलं याची सलग आठवण सेटवर एकट्या तिच्याकडे उरते.

म्हणून मी वही ठेवते. जाड पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. संवाद मी तिच्यात लिहीत नाही. डाव्या पानावर ‘तिला काय माहीत आहे’ आणि उजव्या पानावर ‘तिला काय माहीत नाही’, एवढंच. आपल्याकडे सीन क्रमाने चित्रित होत नाहीत. दिवाणखान्याचं लाइटिंग झालं की चार वेगवेगळ्या भागांतले दिवाणखान्याचे सीन सलग उरकतात. सकाळी नवऱ्याला माफ करायचं आणि दुपारी, कथेत त्याच्या आधी, त्याच्याशी भांडायचं. कपड्यांची कंटिन्युइटी बघायला माणूस असतो. मनाची कंटिन्युइटी बघायला कुणी नसतं.

एक प्रसंग सांगते. मी घरातल्या मोठ्या सुनेचं काम करत होते. धाकट्या दिराने घर गहाण टाकल्याचं तिला बऱ्याच आधी कळलेलं होतं आणि सासूबाईंसाठी तिने ते पोटात ठेवलं होतं. मधल्या काळात संवादलेखक बदलले. नव्या पानांवर दीर सगळ्यांसमोर कबुली देतो आणि मोठ्या सुनेच्या हातून ताट पडतं, असं लिहून आलं. युनिट तयार, तीन कॅमेरे लागलेले, संध्याकाळपर्यंत भाग पाठवायचा. अशा वेळी पानं परत पाठवण्यात अर्थ नसतो. मी दिग्दर्शकांना म्हटलं, ‘‘सर, संवाद आहेत तसेच ठेवू. फक्त ताट पाडत नाही. तो बोलायला लागला की मी सासूबाईंकडे बघते.’’ ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘चालेल, घेऊ या.’’ तिला धक्का बसायचं कारणच नव्हतं. आता हे सासूबाईंना कळणार, ही तिची भीती होती. एक शब्द न बदलता सीन तिच्या आधीच्या आयुष्याला जोडला गेला. एडिटमध्ये तीच नजर ठेवली गेली आणि पुढचा आठवडाभर कथा सासू-सुनेच्या नात्यावर चालली. मालिकेतल्या नटीचा हक्क एवढाच असतो आणि मला तो फार मोठा वाटतो.

एक बाई वर्षानुवर्षं सांभाळण्याचा मोठा दाखला म्हणजे रोहिणी हट्टंगडी. ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा पुरस्कार मिळालेली ही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची विद्यार्थिनी. २००१ साली ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली, ती २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले. त्यात त्यांनी साकारलेल्या आशा देशमुख बोलण्याआधी जो थोडा वेळ घेतात तो बघा. घरावर कितीही संकटं येवोत, या बाईचा बसण्याचा आणि थांबण्याचा डौल तिचाच राहतो. तीन हजार भागांत एक बाई अशी ओळखू येत राहणं याला रंगभूमीवरच्या कुठल्याही मोठ्या भूमिकेइतकाच मान मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा दाखला ‘आई कुठे काय करते’चा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू झाली. मूळ गोष्ट बंगाली, ‘श्रीमोयी’. त्याच गोष्टीवरून हिंदीत ‘अनुपमा’ आली. घर, संसार, नवऱ्याचा विश्वासघात, सगळं एकाच मुळातून आलेलं. तरीही मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती आणि रूपाली गांगुलींची अनुपमा या दोन पूर्ण वेगळ्या बायका झाल्या. अरुंधती गाण्याकडे वळली, अनुपमा नाचाकडे. मधुराणी स्वतः गाणाऱ्या. अरुंधती सुरुवातीला स्वतःशीच गुणगुणते, त्यात तिच्या दबलेल्या आयुष्याचा हिशेब ऐकू येतो. हे कुठल्याही कथाविस्तारात लिहून येत नाही.

सगळ्यात एकटं काम असतं एकटीच्या क्लोजअपचं. समोरच्या कलाकाराचं पॅक-अप झालेलं असतं. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला सहायक दिग्दर्शक पानं घेऊन उभा राहतो आणि नवऱ्याचे, सासऱ्याचे, मुलीचे संवाद एकाच सपाट आवाजात वाचतो. आवाज नको म्हणून एसी आणि पंखे बंद. लूक त्याच्या कानाच्या पाळीवर धरायचा, कारण डोळ्यांत बघितलं तर नजर कॅमेऱ्यापासून फार लांब जाते. डोळ्यांत ग्लिसरीन असेल, असू दे. सकाळी सगळा सीन एकत्र घेतलेल्या मास्टर शॉटमध्ये ज्या शब्दावर डोळे भरले त्याच शब्दावर आताही भरायला हवेत, त्यासाठी कधी ग्लिसरीन लागतं. आवाज कुठे अडखळतो ते मात्र नटीचंच असतं. त्या क्षणी सहायकाच्या सपाट आवाजात मला तिचा नवरा ऐकू येतो, कारण त्याने आजवर केलेला प्रत्येक अपमान मी वहीत उतरवलेला असतो.

करोनाच्या काळात बाई सांभाळण्याचं हे काम पुरतं कसाला लागलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली ती तीन महिन्यांहून जास्त. पुन्हा सुरू झाली तेव्हा पासष्टीपुढच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. तोवर कितीतरी मालिकांतले आजी-आजोबा कथेत गावाला गेलेले होते. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली, तेव्हा मराठी युनिटं गोवा, सिल्व्हासा अशी बाहेर पांगली आणि मे महिन्यात गोव्यातलीही परवानगी थांबली. आपलं स्वयंपाकघर नाही, देवघर नाही, कुठल्या तरी रिसॉर्टच्या व्हरांड्यात सीन. अशा वेळी बाईचं घर तिच्या हालचालींतच उरतं. पदर खोचायची तऱ्हा, दाराशी थबकणं, कुणाच्या नावाला आवाज खाली येणं. एवढ्यावर प्रेक्षकांनी ती परकी जागाही तिचं घर म्हणून मानली.

प्रेक्षकांची आठवण तर आमच्यापेक्षा पक्की. दादरच्या भाजी मंडईत एका आजींनी मला अडवून विचारलं होतं, ‘‘अगं, त्या गणपतीत तू सासूला शब्द दिला होतास ना? आता कशी काय विसरलीस?’’ मालिकेत तो शब्द खरंच कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. मी तो दुसऱ्याच दिवशी लेखकांच्या कानावर घातला आणि पुढच्या सीनमध्ये एका वाक्यापुरता का होईना, तो परत आला. दिवसभर राबून रात्री आमच्यासमोर बसणाऱ्या बाईचं लक्ष इतकं बारीक असतं. तिच्यापुढे विसराळू बाई उभी करणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून निर्मात्यांना आणि वाहिन्यांना कळकळीची विनंती आहे. मालिकेचा लेखक बदलावा लागला तर जरूर बदला, पण नव्या लेखकाला लिहायला बसवण्याआधी दोन दिवस मोकळे द्या. त्यातला एक दिवस त्याला जुने भाग बघू द्या. दुसऱ्या दिवशी त्याला सेटवर पाठवा आणि जी नटी ती बाई साकारते तिच्याशी तासभर बोलू द्या. माझी वही त्याच्यासाठी उघडी आहे.