स्कोप घ्यायचा तर

आज पुन्हा लॅमिंग्टन रोड. जुना ॲनालॉग सीआरओ, म्हणजे ऑसिलोस्कोप, स्वस्तात मिळत होता. हिरवी रेषा पाहून मन पाघळलं. पण मला पकडायचाय तो बटण दाबताच एकदाच उमटून जाणारा सिग्नल. तो धरून ठेवणं साध्या सीआरओला जमत नाही. म्हणजे डिजिटलच.

मग बँडविड्थ. ५० मेगाहर्ट्झ लिहिलं असलं, तरी नेमक्या त्या वारंवारतेला व्होल्टेज सुमारे ७० टक्केच दिसतं. चौकोनी लहरीचे कोपरे शाबूत हवेत, तर निदान पाचपट धरावी. १० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ५० म्हणजे काठावर पास. माझ्या आर्डुइनोच्या पिनांवरच्या संथ सिग्नलांना मात्र भरपूर. रिगोलचा डीएस१०५४झेड इथेच मोह घालतो: ४ चॅनल, सेकंदाला १ अब्ज नमुने. पण चारही चॅनल चालू केले, की तो वेग एकत्र कुटुंबातल्या दुधासारखा वाटला जातो, प्रत्येकी २५ कोटी. दुकानदार हे आपणहून थोडंच सांगणार!

शिवाय प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली. एसएमपीएसच्या मेन्सकडच्या बाजूला ती लावली, तर धडाकाच. तिथे डिफरेन्शिअल प्रोब लागतो. त्याची किंमत विचारली आणि आधी चहा मागवला.