गाडीच्या छतावरचे बिऱ्हाड

मनालीहून सकाळी निघालेला प्रवासी अटल बोगदा ओलांडतो आणि हिरवाई मागे पडू लागते. ग्रांफूच्या पुढे चंद्रा नदीच्या काठाने दगडगोट्यांची वाट सुरू होते. छत्रू, बातल ही वाटेवरची ठिकाणे म्हणजे चार खोपटी आणि चहाची चूल. बातलहून पुढे कुंझुम खिंडीचा रस्ता सोडून आत वळले की चंद्रताल येते. सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे हे सरोवर २००५ पासून रामसर पाणथळांच्या यादीत आहे. काठावर मुक्काम करण्यास मनाई असल्याने तंबूंचे तळ काही अंतर अलीकडेच असतात.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात आम्ही उभयता तेथे पोहोचलो, ते एका मित्राची फोर-बाय-फोर गाडी घेऊन. तिच्या छतावर घडीचा कापडी तंबू होता. शिडी चढून वर जायचे, गादीवर पडायचे आणि खिडकीतून उघड्या डोंगरांवरचा शेवटचा उजेड पाहायचा. जमिनीची ओल नाही, पाठीला दगड नाहीत. वयाची पन्नाशी उलटल्यावर असे बिऱ्हाड मिळाले, या आनंदात मी एक गोष्ट विसरलो. मनालीची उंची सुमारे २,०५० मीटर. एका दिवसात आम्ही झोपण्याची जागा दोन हजारांहून अधिक मीटरनी वर नेली होती. एरवी वाटेत खोली शोधावी लागली असती, थांबावे लागले असते. येथे घर डोक्यावरच होते, म्हणून कोठेही थांबण्याची गरज भासली नाही.

या उंचीवर हवेच्या विरळपणामुळे प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के प्राणवायू मिळतो. शरीर त्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हे मी यात्रेला निघालेल्या रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

रात्री दोनच्या सुमारास पत्नीने हाक मारली. ‘‘अहो, डोकं फुटतंय.’’ पाठोपाठ उलटी झाली. शिडीवरून तिला धरून खाली उतरवले आणि टाच पुढच्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायला सांगितले. तिसऱ्याच पावलाला तिचा तोल गेला. उंचीच्या त्रासात तोल जाणे हे मेंदूला सूज येत असल्याचे लक्षण मानतात, आणि त्यावर खरा उपाय एकच, तत्काळ खाली उतरणे. मेंदूची सूज कमी करणारे औषध मजजवळ होते, तळावरील माणसांनी प्राणवायूचे सिलिंडरही दिले. परंतु गाडी हलेना, कारण तंबू उघडा होता. बोचऱ्या वाऱ्यात, बधिर बोटांनी, बॅटरीच्या उजेडात कापड गोळा करणे, वरचे आवरण ओढणे, पट्टे आवळणे यांत अर्धा तास गेला. माझ्या आयुष्यातील सर्वांत लांब अर्ध्या तासांपैकी तो एक.

तळावरचा एक तरुण वाट दाखवण्यास सोबत आला. रात्रीच्या गारठ्यात बर्फ वितळत नाही, त्यामुळे दुपारी फुगणारे नाले तेव्हा उतरलेले होते, हे आमचे भाग्य. उजाडता उजाडता छत्रूला, सुमारे ३,३०० मीटरवर आलो. पत्नीने चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पुण्यास परतल्यावर मी असे तंबू बंद करावेत असे कोणासही वाटेल. तिचे मत निराळे होते. ‘‘चूक तंबूची नव्हती,’’ ती म्हणाली आणि ते खरेच होते. यंदा स्वतःच्या गाडीसाठी तंबू घेताना मात्र आम्ही वैद्यकीय तपासणी करावी तशी निवड केली. ती वाचकांच्या उपयोगी पडावी.

पहिला प्रश्न वजनाचा. असे तंबू साधारण ५० ते ८० किलोंचे असतात. गाडी चालू असताना छत किती भार पेलते, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. त्यात तंबूखालच्या आडव्या पट्ट्यांचे वजनही धरावे. उभ्या गाडीचे छत याहून पुष्कळ अधिक भार सोसते, म्हणून झोपणाऱ्यांच्या वजनाची चिंता तुलनेने कमी. डोक्यावरच्या ओझ्याने वळणांवर गाडी अधिक कलते, हेही चालकाने ध्यानी ठेवावे.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. कापडी घडीच्या तंबूत तिघे-चौघे मावतात, किंमतही कमी असते. मुलांसह कोकणात वा भंडारदऱ्याला जाणाऱ्या कुटुंबास तो उत्तम. टणक कवचाचा तंबू महाग, बहुधा दोघांपुरता, परंतु पेटीच्या झाकणासारखा मिटतो. विक्रेता तंबू किती लवकर उघडतो ते कौतुकाने दाखवतो. आपण तो मिटायला किती वेळ लागतो, हे विचारावे. आम्ही टणक कवचाचा घेतला, तो याच एका कारणासाठी.

तिसरा प्रश्न शिडीचा. उंचीवर लघवीचे प्रमाण वाढते. त्यातून मधुमेह, प्रोस्टेट किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर रात्री उतरणे ठरलेलेच. पायऱ्या रुंद हव्यात. झोपेतून उठल्यावर मिनिटभर बसून राहावे, मग शिडीकडे तोंड करून उतरावे. गुडघे दुखणाऱ्याने दुकानातच दहा वेळा चढून-उतरून पाहावे. त्रास वाटला तर जमिनीवरचा तंबू बरा; त्यात कमीपणा नाही.

चौथी गोष्ट हवेची. तंबूत शेगडी वा स्टोव्ह कदापि पेटवू नये, आणि वर कोणी झोपले असता खाली इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी कितीही असो, समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. आतले दवही त्याने कमी होते.

यंदा आम्ही किन्नौरच्या बाजूने गेलो. नारकंडा, मग कल्पा. नाको दिवसा पाहून मुक्काम त्याहून खालच्या ताबोला केला. तेथील मठ इ. स. ९९६ मधला, मातीच्या भिंतींच्या आत थंडगार अंधारात रंगवलेल्या आकृती हळूहळू दिसू लागतात, डोळ्यांनाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. पुढे काझ्याला तीन रात्री काढल्या आणि कुंझुम ओलांडून पुन्हा चंद्रतालच्या त्याच तळावर आलो.

निघण्यापूर्वी आमच्या इमारतीच्या आवारात, दिवे मालवून, तंबू मिटण्याचा सराव पत्नीने करवून घेतला होता. घड्याळ तिच्या हाती. चौथ्या खेपेला चार मिनिटे लागली, तेव्हा तिने मान डोलावली. त्या तळावर तंबू मिटण्याची वेळ या खेपेस आली, ती सकाळी आठ वाजता, चहा झाल्यानंतर.