आबांचा डोळा आणि उंटिणीचा डोळा

सोयाबीन घरात आले की आमच्या केळापूरच्या शिवारात रबाऱ्यांचे डेरे पडतात. मूळची ही कच्छकडची माणसे. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, शेताला खत मिळते, त्यांना धान्य. सारा संसार उंटाच्या पाठीवर; खाटा, भांडी, कधी नवे कोकरूसुद्धा.

गेल्या हंगामात आमच्या वावरात एक उंटीण होती. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडले होते, पांढरेफटक. आबांना ते दिसले नाही, मी सांगितले. त्यांच्या स्वतःच्याच उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावाही अधू. ते तिच्या मानेवर हात फिरवीत म्हणाले, "वरून पांढरं झालं. पन आतून डोया जित्ता आहे का नाई, कसं समजाव?"

मला उत्तर सुचले नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ते सुचावे तरी कसे!

उत्तर महिन्याभराने यवतमाळला मिळाले. डॉक्टरांनी आबांच्या मिटलेल्या पापणीवर जेली लावून एक लहानसा दांडा टेकवला. पडद्यावर काळे वर्तुळ आणि पांढऱ्या रेघा उमटल्या. भिंग इतके पिकले होते की आत उजेड जात नव्हता. पण आवाज जातो, असे त्यांनी समजावले. कानाला ऐकू न येणारा तो आवाज आतल्या थरांवर आदळून परत येतो आणि त्याचे चित्र होते. मागचे दृष्टिपटल जागेवर असले तर शस्त्रक्रियेचा उपयोग. सुटले असेल तर नुसता मोतीबिंदू काढून भागत नाही.

मी श्वास रोखून उभा होतो. आबा मात्र निवांत.

दृष्टिपटल जागेवर होते.

मग मला उंटाच्या डोळ्याचे वेडच लागले. पापण्यांच्या केसांची दुहेरी रांग, वाळू पुसून काढणारी तिसरी पापणी, बाहुलीच्या कडेला उन्हाची तिरीप अडविणाऱ्या काळ्या झालरी. पण हे झाले बाहेरून दिसणारे. भिंगाची जाडी, त्यामागची खोली जनावराचा डोळा न चिरता मोजायची तर हाच ध्वनीचा उपाय. इजिप्तमध्ये २०१२ साली वेगवेगळ्या वयांच्या म्हशींच्या आणि उंटांच्या डोळ्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्थात ते डोळे काढून घेतलेले होते. डोळ्याभोवतीचे हाड पाहायचे तर सीटी स्कॅन बरा, पण त्यासाठी जनावर अगदी स्थिर हवे, म्हणजे गुंगी देणे आले. आमच्या वावरातल्या उंटिणीला हे कोण करणार? आपल्याकडे उंटांवरचे संशोधन केंद्र आहे, १९८४ पासून. पण ते बिकानेरला.

आबांनी शस्त्रक्रियेची तारीख घेतली नाही. "कापूस वेचून झाला का पाहू," म्हणाले. मी भांडलो, आई रडली. काही चालले नाही.

घरी आलो तर वावर रिकामे. तीन दगडांची चूल आणि लेंड्या तेवढ्या उरल्या होत्या. आबांनी काठीने चूल चाचपली आणि विचारले, "तिले दाखवलं का रे कोनी?"