सामाईक कपाटाची किल्ली

मनुष्य जें कांहीं निर्माण करितो तें ठेवण्यास त्याला जागा लागते. शेतकऱ्यास कणगी लागते, व्यापाऱ्यास वखार लागते आणि ग्रंथकारास ग्रंथालय लागतें. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथून रोज सकाळीं लोकलगाडीनें कामास निघणाऱ्या मंडळींत सांप्रत एका नव्या कारागिराची भर पडली आहे. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे ज्यास सर्वजण 'कोड' म्हणतात, तो लिहिणें हा त्याचा व्यवसाय होय. कचेरीसाठीं लिहिलेला कोड कचेरीच्या मालकीचा असतो व तो तेथेंच राहतो. परंतु रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर, केवळ हौसेनें किंवा कोणाच्या उपयोगी पडावें म्हणून, जें लिहिलें जातें तें कोठें ठेवावें? हा प्रश्न आम्हां बारा मित्रांपुढें आला आणि तो आम्हीं एकत्र मिळून सोडविण्याचा यत्न केला. आमच्यांतील बहुतेक जण याच शाळेचे जुने विद्यार्थी असल्यामुळें त्या यत्नाची हकीकत या वार्षिकांत देत आहों.

ज्या विद्यार्थ्यांस या विषयाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. कोड ज्यांत ठेवितात त्यास 'रिपॉझिटरी' म्हणतात. आम्ही तिला वही म्हणूं. ही वही मोठी विलक्षण असते. तींत एखादी ओळ खोडली तरी ती नाहींशी होत नाहीं. कोणीं, कोणत्या दिवशीं, कोणत्या कारणानें कोणता बदल केला, हें सर्व तींत नोंदलेलें राहतें. अशा वह्या राखण्याचें 'गिट' नांवाचें साधन फिनलंडांत जन्मलेले लिनस टोरवाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें तयार केलें. त्यापूर्वीं ते व त्यांचे सहकारी 'बिटकीपर' नांवाचें एका कंपनीचें साधन विनामूल्य वापरीत असत. ती सवलत कंपनीनें काढून घेतली, तेव्हां त्यांना स्वतःचें साधन करणें भाग पडलें. गिटचा मोठा गुण असा कीं, वहीची प्रत घेतली म्हणजे तिचा सगळा पूर्वेतिहासही प्रतीबरोबर येतो. दहा जणांपाशीं दहा प्रती असल्या आणि मूळ वही जळून गेली, तरी फार मोठें नुकसान होत नाहीं. मात्र दहा वह्यांपैकीं ताजी कोणती, हें ठरविण्यास सर्वांस ठाऊक असलेली एक जागा लागतेच.

अशी जागा विनामूल्य देणाऱ्या मोठमोठ्या वखारी जगांत आहेत. त्यांतील सर्वांत मोठी 'गिटहब' ही मायक्रोसॉफ्ट कंपनी साडेसात अब्ज डॉलरांस विकत घेत असल्याचें २०१८ सालीं जाहीर झालें. आम्हीही तिचा उपयोग करितों व तिच्याविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. पण परक्याच्या वखारींत ठेविलेल्या मालाचें भवितव्य परक्याच्याच हातीं असतें, हें विसरून चालत नाहीं. गूगल कंपनीची 'गूगल कोड' ही वखार २००६ सालीं उघडली आणि जानेवारी २०१६ मध्यें बंद झाली. 'गिटोरियस' नांवाची दुसरी वखार २०१५ सालीं मिटली. दोन्ही ठिकाणीं माल हलविण्यास मुदत मिळाली होती. परंतु ज्यांचें तिकडे लक्ष नव्हतें, किंवा जे तोंपर्यंत हयात राहिले नव्हते, त्यांच्या वह्या पुढें कोणीं चालवाव्या? डिसेंबर २०१४ मध्यें भारत सरकारच्या दूरसंचार विभागानें बत्तीस संकेतस्थळें बंद करण्याचा हुकूम काढला. त्या यादींत गिटहबचेंही नांव होतें, आणि कांहीं दिवस आपल्या देशांतील पुष्कळ लोकांना तेथें ठेविलेल्या आपल्याच वह्या उघडतां येईनात. पुढें ती बंदी उठली.

म्हणून आम्हीं आपलें स्वतःचें एक कपाट केलें. हें कपाट म्हणजे डोंबिवलीस एका मित्राच्या घरीं, तिसऱ्या मजल्यावर ठेविलेला एक साधा संगणक. अनेकांच्या कामीं येणारा असा संगणक 'सर्व्हर' या नांवानें ओळखला जातो. प्रत्येकास त्यांत एक खण आहे. दार सर्वांस एकच, पण ज्याची किल्ली त्याचाच खण उघडते. हा बंदोबस्त 'गिटोलाइट' नांवाच्या आज्ञावलीनें होतो; ती सीताराम चमर्ती या भारतीय अभियंत्यानें लिहिली असून कोणासही विनामूल्य वापरतां येते. तिची एक गोष्ट आम्हांस विशेष आवडते. कोणास कोणता खण उघडण्याचा अधिकार आहे, हे नियमसुद्धां एका वहींतच लिहावे लागतात. अर्थात् नियम कोणीं केव्हां बदलला याचीही नोंद, सहकारी सोसायटीच्या इतिवृत्ताप्रमाणें, कायम राहते.

यंत्र घरीं आणलें म्हणजे त्याच्यामागून घरचीं संकटेंही येतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं कळवा व पडघा यांमधील वीजवाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई व ठाणें परिसराचा वीजपुरवठा सकाळींच खंडित झाला. ज्या तारांकडे आपण एरवीं ढुंकूनही पाहत नाहीं त्यांवर केवढा भार आहे, हें त्या दिवशीं सर्वांस कळलें. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण तर आपल्या भागांत अजून ताजी आहे. तेव्हां तिसरा मजला निवडला तो कांहीं उगीच नव्हे. शिवाय रोज रात्रीं सर्व वह्यांची एक प्रत ठाण्यास व दुसरी कल्याणास आपोआप जाते.

पण प्रत जाते एवढ्यावर विसंबून राहतां येत नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं 'गिटलॅब' नांवाच्या दुसऱ्या एका मोठ्या वखारींत काम चालूं असतां मुख्य नोंदी चुकून पुसल्या गेल्या. प्रती राखण्याचे पांच उपाय तेथें योजिलेले होते. प्रसंगीं त्यांतील एकही धड उपयोगी पडला नाहीं. सुदैवानें सुमारें सहा तासांपूर्वींची एक प्रत निराळ्या कामासाठीं घेतलेली होती, तिच्यावर निभावलें. कंपनीनें ही सर्व हकीकत न लपवितां प्रसिद्ध केली, त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. तिजवरून आम्हीं धडा घेतला. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारीं आमच्यांपैकीं एक जण प्रतीवरून सर्व वह्या खरोखरच पुन्हां उभ्या करून पाहतो. बारा महिने आणि बारा मित्र. प्रत्येकाची वर्षांतून एकदां पाळी येते.

एवढी व्यवस्था झाली, तरी एक गोष्ट यंत्राच्या स्वाधीन करितां येत नाहीं. खणांस किल्ल्या असल्या तरी ज्याच्या हातीं संपूर्ण यंत्राचा कारभार असतो त्यास कोणताही खण उघडून पाहतां येतो. मोठ्या वखारींतही कोणापाशीं तरी असा अधिकार असतोच; परंतु तेथील कारभारी आपणांस ओळखत नाहीं. येथें तो आपला मित्र असतो, आणि ओळखीच्या माणसाचें अर्धवट लिखाण वाचण्याचा मोह अनोळखी माणसाच्या लिखाणापेक्षां अधिक असतो. म्हणून, परवानगीवांचून दुसऱ्याचा खण उघडावयाचा नाहीं, हा आमचा पहिला नियम. नियम करणें सोपें होतें. त्याची कसोटी गेल्या उन्हाळ्यांत लागली.

आमच्यांतील सर्वांत वडील सभासद निवृत्त शिक्षक होते. आम्ही त्यांना सर म्हणत असूं. शाळेचें वेळापत्रक बसविण्याची एक आज्ञावली त्यांनीं मोठ्या कष्टानें तयार केली होती. एकाच शिक्षकाला एकाच तासास दोन वर्ग येऊं नयेत, प्रयोगशाळा दोघांस एकदम दिली जाऊं नये, अर्धवेळ शिक्षकांचे तास शक्य तों सलग यावे, हें सर्व ती पाहत असे. कल्याणच्या दोन शाळा तिच्या साहाय्यानें आपलें वेळापत्रक करीत. सर थंडीच्या दिवसांत अल्पशा आजारानें वारले. पुढें जून जवळ आला. शाळांना दिवसाच्या तासांची संख्या बदलावयाची होती, आणि तो बदल मूळ कोडांत हात घातल्यावांचून होण्यासारखा नव्हता. सरांच्या घरच्या संगणकाचा पासवर्ड कोणास ठाऊक नव्हता. मूळ वही आमच्या कपाटांत, सरांच्या बंद खणांत होती.

दोन रविवार आम्ही या गोष्टीवर बोललों. कांहींचें म्हणणें असें पडलें कीं, लोकांच्या उपयोगाचें काम कुलुपांत ठेवणें म्हणजे शुभवर्तमानांतील त्या दासाप्रमाणें द्रव्य जमिनींत पुरून ठेवणें होय. सरांस तें खचित आवडलें नसतें. दुसरे म्हणाले, सरांनीं खण बंद ठेविला तो समजूनउमजून. मृत मनुष्यास नाहीं म्हणतां येत नाहीं, म्हणूनच त्याच्या कुलुपाचा मान अधिक राखिला पाहिजे. दोन्ही पक्षांचें म्हणणें आम्हांस खरें वाटलें. अखेर आम्ही सरांच्या पत्नीकडे गेलों. त्यांस आम्ही काकू म्हणतों. काकूंनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "त्या खणांत आणखी काय आहे?" आम्हीं सांगितलें कीं, वह्यांचीं नांवें तेवढीं दिसतात, आंतील मजकूर कोणीं पाहिलेला नाहीं. त्या थोडा वेळ स्तब्ध राहिल्या. मग म्हणाल्या, "वेळापत्रकाची वही न्या. ती त्यांनीं शाळेतल्या मुलांसाठींच केली होती. बाकीच्या मात्र वाचूं नका. त्या माझ्याकडे द्या."

त्याप्रमाणें दोघांच्या समक्ष तेवढीच एक वही काढून घेतली आणि उरलेल्यांची प्रत काकूंच्या स्वाधीन केली. गेल्या जूनमध्यें दोन्ही शाळांचें वेळापत्रक सरांच्याच आज्ञावलीनें बसलें. त्यानंतर आमच्यांत असें ठरलें कीं, प्रत्येक सभासदानें एक चिठ्ठी लिहून बंद पाकिटांत ठेवावी: आपल्या पश्चात् कोणती वही सर्वांस खुली करावी, कोणती कोणास द्यावी आणि कोणती न वाचतां पुसून टाकावी. चिठ्ठी लिहावयास बसल्यावर, आपण बंद ठेविलेल्या बऱ्याच वह्या बंद ठेवण्याचें कांहीं कारणच नाहीं, हें आमच्यांतील पुष्कळांच्या ध्यानीं आलें. तेव्हांपासून खुल्या वह्यांची संख्या वाढत आहे.

अशीं सामाईक कपाटें अन्यत्रही झालीं आहेत. तिरुवनंतपुरम् येथून 'सरोवर' नांवाचें मुक्त कोडाचें एक भांडार एके काळीं चालविलें जात असे. बर्लिन येथें २०१८ सालीं स्थापन झालेली 'कोडबर्ग' ही संस्था आज मोठ्या प्रमाणावर हेंच काम करीत आहे. तिचा कारभार सभासदांच्या मतानें व खर्च मुख्यतः देणग्या आणि वर्गण्यांवर चालतो. पण उदाहरणासाठीं इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. रेल्वे कल्याणास १८५४ सालीं पोंचली आणि त्यानंतर दहा वर्षांनीं, १८६४ सालीं, तेथील सार्वजनिक वाचनालय निघालें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. ज्यांनीं हीं काढलीं त्यांना जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या. तरी दोन्ही संस्था चालूं आहेत. कारण दार उघडणारा, नोंदवही पाहणारा आणि पुस्तकांस कसर लागली कीं काय हें तपासणारा कोणी तरी प्रत्येक पिढींत निघाला. यंत्रें तर पुस्तकांहून पुष्कळच अल्पायुषी. आमचा संगणक कांहीं वर्षांनीं टाकून द्यावा लागेल, त्याच्या जागीं येणाराही पुढें जाईल. पाळी घेणारे असले म्हणजे वह्या एका यंत्रांतून दुसऱ्यांत जात राहतील. ते नसले तर उत्तमांतलें उत्तम यंत्रही त्यांस राखूं शकणार नाहीं.

हल्लीं शाळेंतील विद्यार्थीही कोड लिहितात, आणि त्यांतील कित्येकांस तो वर्षअखेर कोठें ठेवावा हें कळत नाहीं. म्हणून कपाटांतील दोन खण या शाळेच्या विद्यार्थ्यांसाठीं मोकळे ठेवण्याचें आम्हीं ठरविलें आहे. वर्गणी कांहीं नाहीं. वर्गशिक्षकांच्या मार्फत कळवावें म्हणजे झालें. अट मात्र एक आहे. सरांची पाळी जुलैमध्यें येत असे. यंदा ती आम्हीं सर्वांनीं मिळून केली, परंतु पुढील वर्षाच्या तक्त्यांत त्या महिन्यापुढें अद्याप कोणाचें नांव लिहिलेलें नाहीं. ज्यास खण हवा असेल त्यानें जुलैच्या पहिल्या रविवारीं डोंबिवलीस यावें, आमच्यांपैकीं एकास शेजारीं बसवून घ्यावें, आणि प्रतीवरून सर्व वह्या पुन्हां उभ्या करून दाखवाव्या.