परांड्याची तोफ आणि ओताऱ्याचा डोळा

बार्शीहून परांड्याच्या एस. टी.त बसलात, तर किल्ला शोधायला मान उंचावू नका. हा भुईकोट! सपाट रानात दुहेरी तट आणि भोवती खंदक, एवढाच त्याचा थाट. जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले. परांडा मात्र परांडाच राहिला.

मी गेलो होतो तोफा पाहायला. बुरुजांवर त्या अजून आहेत. दुपारी पंचधातूवर हात ठेवला की चांगला चटका बसतो. पण या किल्ल्याची खरी मानकरी तोफ आता इथे नाहीच. तिचे नाव मुलूखमैदान! १५४९ साली अहमदनगरात महंमद बिन हुसेन रूमी याने ती ओतली. पुढे ती परांड्याला आली आणि १६३२ साली मुरार जगदेवांनी विजापूरला नेली. आज ती तिथल्याच बुरुजावर आहे. लांबी सुमारे १४ फूट, वजन सुमारे ५५ टन!

अशी तोफ म्हटली की लोकांना लढाया आठवतात. मला आठवले ते ओतारी. बाहेर साचा, आत नळीच्या पोकळीसाठी गाभा आणि दोहोंच्या मधल्या जागेत धातूचा रस. साच्यात ओल राहिली तर वाफेने रस उसळतो. ओतताना धार तुटली तर आधीचा थर थिजतो आणि सांधा कच्चा राहतो. रस किती तापला हे सांगणारे यंत्र तेव्हा कुठले? लाडवांचा पाक झाला की नाही हे आजी दोन बोटांत तार धरून ओळखते. ओतारी ते रसाच्या रंगावरून ओळखी. फरक इतकाच की, आजीचा पाक बिघडला तर पुन्हा पाणी घालता येते!

हेच काम आज पाहायचे, तर कोल्हापूरजवळ शिरोलीला जावे. तिथे ओतशाळांची रांगच आहे. मोठ्या ओतशाळांत आता वाळूचे साचे यंत्रे दाबतात. वाळूच्या वड्या एकीला एक भिडवून, चौकटीवाचून साचे करण्याची युक्ती डेन्मार्कचे प्राध्यापक जेप्सन यांनी १९५७ साली काढली. तिच्या पहिल्या यंत्रांतून तासाला २४० साचे निघत. आता रसाला न शिवता त्याचा ताप मोजता येतो आणि ओतण्याचा डोयाही यंत्राच्या हाती देता येतो.

मग ओताऱ्याने काय करायचे? प्रश्न पोटाचा आहे, हसण्यावारी नेण्याचा नाही. पण वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुप्फुसे कायमची निकामी करते, हेही खरे. त्या धुळीतून आणि आगीपुढून यंत्राने माणूस बाजूला काढला, तर त्याचे स्वागतच करावे. मात्र त्याला दाराबाहेर काढू नये. ओतीव सच्छिद्र निघाले, तर दोष वाळूच्या ओलीचा की रसाच्या तापाचा, हे ताडायला जाणता डोळा अजूनही हवाच. त्या डोळ्याला यंत्राची भाषा शिकवावी. पगारही त्या मानाने द्यावा.

मुलूखमैदानावर रूमीचे नाव कोरलेले आहे. भाते ओढणाऱ्यांची आणि माती मळणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. परांड्याच्या बुरुजावरून उतरताना मला त्यांचीच आठवण होत होती.