जमिनीवरचा जिमी

ग्लासगोजवळच्या व्ह्यूपार्कमध्ये एका खाणकामगाराच्या घरी १९४४ साली जिमी जॉन्स्टन जन्मला. अंगानं किरकोळ, केसांनी तांबडा. इंग्लिश फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूज हे त्याचं दैवत. त्याच्यासारखं ड्रिबलिंग जमावं म्हणून पोरगा दुधाच्या बाटल्या ओळीनं मांडायचा आणि त्यांच्यामधून चेंडू काढायचा. पायांत बळ यावं म्हणून वडिलांचे खाणीतले जड बूट घालून सराव करायचा.

बाटल्यांच्या जागी पुढे युरोपातले बचावपटू आले. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये जिमीच्या ग्लासगोच्या सेल्टिक क्लबनं इंटर मिलानला २-१ असं हरवून युरोपियन कप जिंकला. असा पराक्रम करणारा तो पहिला ब्रिटिश क्लब. काही दिवसांनी रेआल माद्रिदच्या डी स्टेफानोच्या सन्मानार्थ माद्रिदमध्ये झालेल्या सामन्यात जिमीनं यजमानांना असं काही नाचवलं, की त्यांचेच प्रेक्षक त्याच्या हुलकावण्यांवर ‘ओले’चा गजर करू लागले.

हा सगळा दरारा मात्र जमिनीवरचा. १९६६ मध्ये अमेरिकेहून परतताना विमान जोरात हादरलं, आणि त्या दिवसापासून विमान म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. नोव्हेंबर १९६८ मध्ये सेल्टिकची गाठ बेलग्रेडच्या रेड स्टारशी होती. पहिला सामना घरी, दुसरा तिकडे. पहिल्या सामन्यात मध्यंतराला बरोबरी, १-१. प्रशिक्षक जॉक स्टीन यांनी जिमीशी पैज घातली: चार गोलांच्या फरकानं जिंकलो, तर तू बेलग्रेडला येऊ नकोस.

मग काय विचारता! दोन गोल त्यानं स्वतः मारले, इतरांनाही वाट करून दिली. निकाल ५-१. संघ बेलग्रेडला उडाला, १-१ अशी बरोबरी करून परतला, जिमी घरीच.

पाण्याशीही त्याचं फारसं जमलं नाही. १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी लार्ग्स या किनाऱ्यावरच्या गावी रात्री दारू पिऊन हा गडी वल्ही नसलेल्या नावेत चढला आणि वाहत गेला. तटरक्षकांनी त्याला परत आणलं. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. तीन-चार दिवसांत त्याच जिमीसह स्कॉटलंडनं इंग्लंडला २-० असं हरवलं. त्यानंतरच्या विश्वचषकाला तो गेला खरा, पण एक मिनिटही खेळला नाही.

१९७५ मध्ये सेल्टिक सुटलं. सॅन होजे, शेफील्ड, डंडी, डब्लिन असे मुक्काम झाले. खेळ संपल्यावर पोटासाठी लॉरी चालवली, बांधकामावर राबला. २००१ मध्ये मोटर न्यूरॉन आजाराचं निदान झालं. तो आजार एकेक स्नायू निकामी करत गेला. २००६ मध्ये जिमी वारला.

त्याआधी, २००२ मध्ये, सेल्टिकच्या चाहत्यांनी क्लबचा सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडला. साडेचारशेहून अधिक गोल करणारा जिमी मॅग्रोरी याच क्लबचा. १९६३ मध्ये जॉन्स्टन पहिला सामना खेळला तोही मॅग्रोरी प्रशिक्षक असताना, त्याच्याच हाताखाली. तरीही चाहत्यांनी निवडलं ते सुमारे १३० गोल करणाऱ्या जॉन्स्टनला.